वासाची डबी आणि लिंबाचा साबण

मी एक जुनी तंबाखूची डबी आहे. तंबाखू माझ्यात आता नाही. ती संपून इतकी वर्षे झाली की तिचा वास कसा होता हेही मला धड आठवत नाही. झाकणावरचा लाल रंग उडाला, कडा गंजल्या, आणि झाकणाला खिळ्याने पाडलेली भोके आहेत. मित्रांनो, माझ्याजवळ येताना तुम्ही नाक दाबून धरलेत तरी मी रागावणार नाही. आयुष्यभर लोक माझ्याजवळ असेच आले.

मी दमले आहे, हे आधीच सांगून टाकते. दमलेल्याची गोष्ट ऐकायची तर थोडा धीर धरावा लागतो. मी मध्येच थांबेन, मध्येच कुरकुरेन. चालवून घ्या.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात, कारखान्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका पेटीत दाटीवाटीने बसून आगगाडीने निघाल्या, मग ट्रकने, आणि तळे गोठल्यावर बर्फावरून उत्तरेतल्या या गावच्या दुकानात आल्या. तिथून मला ओव्हिदने नेले. मिशीला बर्फ लागलेला, खांदे रुंद, बोलणे थोडे, असा तो माणूस. त्याच्या सदऱ्याच्या खिशात, छातीपाशी, मी उबेत राहिले. त्याने मला उघडले की भोवतालची माणसे पुढे वाकत आणि म्हणत, "अरे, आम्हालाही दे की थोडी!" ते माझे सुखाचे दिवस होते. मला वाटायचे, तंबाखू संपली की ओव्हिदची बायको क्लेमाँस मला शिवणाच्या टोपलीत ठेवील. माझ्यात बटणे पडतील, सुया पडतील, आणि हिवाळाभर मी शेगडीजवळ बसेन.

कसले काय! तंबाखू संपली आणि ओव्हिदने खिळा घेतला.

झाकणाला भोके पाडून त्याने मला स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांबरोबर उकळले, म्हणजे तंबाखूचा आणि माणसाच्या हाताचा वास जावा. मग माझ्यात लोकर कोंबली आणि तिच्यावर काहीतरी ओतले. ते काय होते ते सांगितलेच पाहिजे, कारण माझे सगळे आयुष्य त्यातच गेले. उन्हाळ्यात ओव्हिद तळ्यातले मासे कापून काचेच्या बरणीत भरी, झाकण सैल ठेवी आणि बरणी लाकडांच्या खोपटाच्या छपरावर उन्हात ठेवून देई. दिवस जात तसे मासे विरघळत आणि वर तेल तरंगू लागे. त्या तेलात बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या अंगातल्या सुकवलेल्या वासाच्या गाठी किसून घालायच्या. शेवटी स्कंक नावाच्या त्या घाणेरड्या प्राण्याच्या पिशवीतला रस, काडीच्या टोकावर मावेल इतकाच. झाले औषध तयार.

लोकर मात्र न धुतलेली हवी. मेंढीच्या अंगचे तेल तिच्यात असले की कडाक्याच्या थंडीतही ती दगड होत नाही आणि वास सोडत राहते.

ओव्हिदची सापळ्यांची वाट तळ्याच्या उत्तरेला, जंगलातून जाते. ती त्याच्या आजोबांपासून चालत आलेली. झाडाला टेकवलेल्या ओंडक्यांवर लाकडी पेट्या ठोकलेल्या असतात, पेटीत मासा, आणि तोंडाशी सापळा. पकडायचे ते मार्टेनला. मुंगसाएवढा, दाट तपकिरी केसांचा, झाडांवरून पळणारा हा प्राणी फार शहाणा. पेटीतल्या माशाचा वास त्याला जवळ आल्यावर लागतो, पण जवळ आणायचे कोणी? तेच माझे काम. पेट्यांच्या वरच्या फांदीला तारेने टांगून मी लांबवर हाक घालत असे.

पहिल्या वर्षी माझी भोके वर होती. बर्फ आत गेला, वितळला, पुन्हा गोठला, आणि माझ्या पोटात एक गोळा झाला. तो पाहून ओव्हिदने डोके खाजवले आणि मला उलटे टांगले. झाकण खाली, बूड वर. तेव्हापासून मी जग उलटेच पाहत आले आहे.

आमच्या भागात प्रत्येकाची रीत निराळी. कोणी मूस या थोराड हरणाच्या पोकळ हाडात वास भरतो, कोणी हंसाचा पंख बुडवून बांधतो, कोणी बर्च झाडाची काडी चिरून तिच्या फटीत बोळा अडकवतो. ओव्हिदने सगळे करून पाहिले. हाड कोल्ह्याने पळवले, पंख वाऱ्याने फाटला, काडीवरचा वास पहिल्याच बर्फात धुऊन गेला. मी टिकले. टिकण्याचे बक्षीस म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम.

मी हाक घाली आणि ते येत. त्यांच्या कातडीवर ओव्हिदचे घर चालले, मुलगी डेल्फिन शिकली, हिवाळ्यात सगळ्यांचे हात उबेत राहिले. पण परतताना त्याची झोळी जड असली की मला बोलावेसे वाटत नसे. या कामाचा मला नुसता अभिमानच वाटला असे म्हणाले तर ते खोटे होईल.

घरात मला जागा नव्हती. क्लेमाँसचा तसा कायदाच होता. ओव्हिद चुकून मला घेऊन उंबऱ्यापाशी आला की ती स्वयंपाकघरातून ओरडे, "शी! बाहेर ने ते! माणसाचं घर आहे हे!" तिचा आवाज तळ्याच्या काठापर्यंत जाई. तिथे जाळी विणत बसलेली माणसे हसत आणि म्हणत, "ओव्हिदनं नवा वास भरला वाटतं. औंदा त्याला चिंता नाही." दुरून दुरून लोक माझा वास घ्यायला येत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत, आणि मान डोलावत. ओव्हिद तेव्हा कोणाकडे बघत नसे, पण त्याचे कान लाल होत.

मग एका वर्षी ओव्हिदला ताप आला. तो बरेच दिवस अंथरुणात होता. उठला, हिंडू लागला, आणि एका दुपारी मला हातात घेऊन सरळ घरात आला. टेबलावर भाकरीशेजारी मला ठेवून शांतपणे चहा ओतू लागला. मित्रांनो, वास भरल्यापासून मी पहिल्यांदाच ते घर आतून पाहत होते. पडदे निळे होते.

क्लेमाँस वळली. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहिली. ती ओरडली नाही.

"ओव्हिद," ती म्हणाली, "टेबलावर काय आहे?"

"डबी."

"आणि तुला काही होत नाही?"

ओव्हिदने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याने चहाचे भांडे खाली ठेवले.

"सकाळी भाकर करपली, ती खाल्लीस," क्लेमाँस म्हणाली. "परवाचं दूध नासलं होतं, ते प्यायलास. मला वाटलं, माझं मन राखतोयस. केव्हापासून?"

"तापापासून. काहीच येत नाही. ना लाकडाचा, ना माशाचा. कोणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? गाव म्हणेल, याचं नाकच गेलं तर याच्या औषधाला कुत्रं तरी विचारील का." तिने पदराने, म्हणजे तिच्या त्या लांब झग्याच्या टोकाने, डोळे पुसले. मग मला उचलले, भोकांना नाक लावले आणि शिंकली. "पाणी शिरलंय यात. ओल्या पोत्यासारखा वास येतोय. टाकून दे, नवीन भर. आणि बाहेर ने ते!"

त्या दिवसापासून क्लेमाँस ओव्हिदचे नाक झाली. तो मला घेऊन दारात उभा राही. ती नुसते तोंड वाकडे करून "ओलं पोतं" किंवा "नुसता मासा" म्हणाली, तर काहीतरी कमी आहे. ती किंचाळली, तर सगळे जमले. गावातली माणसे तिची किंचाळी ऐकून पूर्वीसारखीच हसत. खरी गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती.

कितीतरी हिवाळे असेच गेले. ओव्हिदचे गुडघे गेले, माझा रंग गेला. आणि एका वसंतात, तळ्यावरचा बर्फ फुटत असताना, क्लेमाँस गेली.

डेल्फिन गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ती बापाला आपल्या तळ्याकाठच्या घरी घेऊन आली; माझी आणि बरण्यांची सोय तिच्या अंगणातल्या खोपटात झाली. फार चांगली मुलगी. इतकी चांगली की बापाशी बोलताना आवाज आजाऱ्याशी बोलावा तसा मऊ करी. "बाबा, बसा. बाबा, मी करते. बाबा, छान." ओव्हिद तिच्या खिडकीत बसून उत्तरेकडे बघत राही.

त्याला एकच घोर होता. आमच्याकडे वाट सलग दोन हिवाळे रिकामी राहिली की ती दुसऱ्याच्या नावावर जाते. गेल्या हिवाळ्यात क्लेमाँसच्या आजारपणात कोणी वाटेवर गेलेच नव्हते. या हिवाळ्यात पेट्यांत काही आले नाही, तर आजोबांपासूनची वाट संपली. डेल्फिनला ते कळत होते. एके दिवशी तीच म्हणाली, "बाबा, मी जाते वाटेवर. सुट्टीच्या दिवशी बर्फगाडीवरून जाईन. तुम्ही फक्त सांगा कुठे काय, आणि औषध भरून द्या."

त्या संध्याकाळी ओव्हिदने दोनदा मागून जेवण घेतले.

इथे माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आला. आई गेल्यावर डेल्फिन रडली नव्हती, ती घासत सुटली होती. पडदे धुतले, भांडी घासली, खोपटातल्या फळ्यासुद्धा पुसल्या. तशातच तिच्या हाती मी लागले. बिचारीने विचार केला असेल, की नवीन औषध भरायचे तर भांडे स्वच्छ हवे. शाळेच्या स्वयंपाकघरात तर तोच पहिला धडा. तिने मला गरम पाण्यात बुडवले, लिंबाच्या साबणाने आतून बाहेरून खसाखसा घासले, आणि औषधासाठी थैलीत ठेवलेली लोकरही त्याच पाण्यात पिळून काढून शेगडीवर वाळवली. मित्रांनो, किती हिवाळ्यांचे माझे सगळे कमावलेले त्या मोरीतून वाहून गेले. मी चकचकीत झाले. मला लिंबासारखा वास येऊ लागला. मला लाज वाटली.

ओव्हिदने खोपटात बसून मला पुन्हा भरले. शेल्फवरच्या जुन्या बरणीतले औषध ओतले. हातांना सवय होती, पण थंडीने त्यांवर हातमोजे होते; डोळे मोतीबिंदूने धूसर, आणि नाक तर नव्हतेच. तो मला घेऊन दारात आला, अगदी पूर्वी उभा राहायचा तसाच उभा राहिला.

"डेल्फिन, कसा वास येतोय?"

तिने लांबूनच हसून पाहिले. "छान, बाबा."

ओव्हिदने मला आणखी थोडे पुढे धरले. मग त्याने मला तिच्या थैलीत ठेवले.

मी फांदीला टांगली गेले. खाली ताज्या बर्फावर मार्टेनचे ठसे उमटत, माझ्या दिशेने येत, जरा अंतरावर थांबत, आणि वळून निघून जात. माशाच्या आणि बीव्हरच्या वासामागून लिंबाचा साबण येत होता, म्हणजे माणसाचे घर येत होते. मी हाक घालत होते आणि त्याच तोंडाने त्यांना हाकलत होते. इतकी दमणूक मला भर थंडीतही कधी झाली नव्हती.

डेल्फिन दर सुट्टीला जाई आणि गोठलेल्या गालांनी रिकामी परत येई.

"ठसे आहेत का गं?" ओव्हिद विचारी.

"आहेत, बाबा. येतात आणि परत जातात. जाऊ दे, पुढच्या वेळी मिळेल."

"डबीला वास कसा येतो?"

"छान येतो, बाबा."

नाताळ उलटला. गावात लोक बोलू लागले की ओव्हिदच्या हातात आता काही राहिले नाही. दुकानात तर एकाने उघडच विचारले, "काय डेल्फिन, वाट सोडताय ना? माझा भाऊ बघतोय." ती घरी आली आणि तिने हातमोजे जोरात टेबलावर आपटले. तिच्या थैलीत मीही होते, कारण तार तुटली म्हणून तिने मला सोबत आणले होते.

"डबी दे इकडे," ओव्हिद म्हणाला.

त्याने माझे झाकण काढले आणि दोन बोटांनी लोकर चाचपली. पुन्हा चाचपली. बोटे एकमेकांवर घासली.

"ही लोकर कोरडी कशी? हिच्या अंगचं तेल कुठे गेलं?"

"मी धुतली ती," डेल्फिन म्हणाली. "डबीसुद्धा. इतकी घाण झाली होती..." आणि मग तिचा चेहरा पडला. "बाबा, चुकलं का माझं? पण ती तर तुम्हीच भरलीत ना. लिंबाचा साबण होता, अजूनही येतोय त्याचा वास. तुम्हाला नाही आला?"

ओव्हिदने मला खाली ठेवले. मला वाटले, तो आता काहीतरी थाप मारील. त्याने मारली नाही.

"मला काहीच वास येत नाही, पोरी. तू या घरात राहायला आलीस, त्याच्याही आधीपासून."

"पण मग... आई असताना तर भरभरून यायचं! लोक दुरून येऊन तुमचं औषध मागायचे!"

"तुझी आई घ्यायची वास. मी दारात उभा राहायचो आणि ती सांगायची."

"आई? ती तर नुसती ओरडायची!"

"तेच तर," ओव्हिद म्हणाला. "ती ओरडली की मला कळायचं. तू ओरडत नाहीस. तू छान म्हणतेस. मासा करपला तरी छान, मी पडलो तरी छान. तुझ्या त्या छानमध्ये मला काही दिसतच नाही गं. आंधळ्याच्या हातातली काठी काढून घ्यावी तसं झालंय."

डेल्फिन खुर्चीत बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. ओव्हिदने तिला रडू दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला राखेच्या पाण्यात उकळले, मग स्प्रूसच्या डहाळ्यांत उकळले. डेल्फिनने बुडापर्यंत नाक घातले. "अजून लिंबू येतंय." पुन्हा उकळले. "थोडं येतंय, कडेला." मला बर्फात पुरले, काढले, खोपटात जुन्या कातड्यांच्या ढिगाखाली दडपले. खरे सांगू, हे सगळे मला फार जड गेले. या वयात पुन्हा नव्याने घाण व्हायचे म्हणजे चेष्टा नाही. पण डेल्फिन रोज कामावरून येई, कोट न काढता खोपटात जाई आणि मला हुंगून बापाला खरे काय ते सांगे. "आज नुसतं लोखंड येतंय." "आज धूर." "आज काहीच नाही, बाबा." त्यावर ओव्हिद म्हणाला, "काहीच नाही? वा! आता भरू."

न धुतलेली लोकर त्यांनी शेजाऱ्याकडून आणली. शेल्फवरची बरणी डेल्फिनने उघडली आणि लगेच म्हणाली, "ओलं पोतं." ती फेकून दिली. मग ओव्हिदला आठवली ती सापळ्यांच्या वाटेवर रात्र काढायच्या खोपीच्या जमिनीखाली पुरलेली बरणी, क्लेमाँसच्या शेवटच्या उन्हाळ्यातली, मेणाने तोंड बंद केलेली. डेल्फिन ती घेऊन आली. ओव्हिदने खोपटात बसून, बोटांच्या आठवणीने, गाठी किसल्या, काडी बुडवली, लोकर कोंबली. मला दोन्ही हातांत धरून, गुडघे सावरत, तो अंगण ओलांडून घराच्या दारात आला.

डेल्फिन चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिने काही विचारायच्या आतच वास तिच्यापर्यंत पोचला.

"शी!" ती किंचाळली. "बाहेर ने ते! बाबा! माणसाचं घर आहे हे!"

आणि तिचा हात तोंडावर गेला.

ओव्हिद दाराच्या चौकटीला टेकला. आधी त्याचे खांदे हलले, मग मिशी हलली, आणि मग तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी वाहू लागले. खाली तळ्याच्या काठी बर्फात भोक पाडून मासे धरत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. "ऐकलंत?" त्यातला एक म्हणाला. "ओव्हिदनं भरली."

"आता बरोबर झालंय," ओव्हिद म्हणाला. "अगदी बरोबर."

हिवाळा संपण्याआधी पेट्यांत मार्टेन आले. फार नाही, पण वाट रिकामी राहिली नाही, आणि ती अजून त्यांच्याच नावावर आहे. ओव्हिद आता फारसा उठत नाही. मी खोपटात खिळ्याला टांगलेली असते, उलटी, आणि पहिला बर्फ पडला की डेल्फिन मला खाली काढते. मला आता विश्रांती हवी असे वाटते, पण ते मी कोणाला सांगणार? वास नसलेल्या डबीचे कोण ऐकतो, आणि वास असलेल्या डबीजवळ कोण थांबतो!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे थकलेले माणूस काहीतरी हातात धरून दारात उभे राहील आणि विचारील, "कसं झालंय?" तेव्हा लांबूनच "छान" म्हणून मोकळे होऊ नका. जवळ जा. नाक घाला. वाईट असेल तर वाईट म्हणा, ओरडावेसे वाटले तर ओरडा. त्या माणसाला तेवढेच हवे असते.

आणि कृपा करून मला धुऊ नका.